स्पीकरला लावलेलं कुंकू

आमच्याकडे स्पीकरची एक जुनी जोडी आहे. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी घेतलेली, तेव्हाच्या मानानेही स्वस्तातली. लाकडी दिसणाऱ्या पण लाकडी नसलेल्या पेट्या, खाली मोठा काळा पडदा आणि त्याच्यावर बारीक आवाजांसाठी छोटासा ट्वीटर. समोरच्या जाळ्या पहिल्या दोन-चार वर्षांतच फाटून गेल्या. मी जबलपुरात भौतिकशास्त्राचा मास्तर होतो, ध्वनीचा धडा दरवर्षी शिकवायचो, त्यामुळे या पेट्यांमधलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. तो निवृत्तीनंतर उतरला, आणि चांगलाच उतरला.

मदन महल भागात, आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे. भजनं मराठीत, मधल्या गप्पा हिंदीत. आई तिथे टाळ वाजवायची. कुणीतरी मंडळाची भजनं रेकॉर्ड करून सगळ्यांना पेन ड्राइव्हवर दिली होती, आणि आई दुपारी ती स्पीकरवर लावून सराव करायची. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, यात टाळ ऐकूच येत नाही. मी आवाज वाढवून पाहिला. गाणं येत होतं, ढोलकी येत होती. टाळाकडे लक्ष देऊन मी जन्मात कधी काही ऐकलं नव्हतं, पण ते कबूल कोण करतो? मी तिला सांगितलं की वय झालं की आधी बारीक, उंच आवाज जातात, पुस्तकातच आहे तसं.

"पण हातातला तर ऐकू येते मला," ती म्हणाली.

मी म्हणालो, हातातला तू कानाने ऐकत नाहीस, तो हाताला जाणवतो.

उत्तर इतकं चोख होतं की मीच माझ्यावर खूश झालो. पुढच्या गुरुवारी आईने आपले टाळ मंडळातल्या एका शेजारणीच्या हातात दिले. मग हळूहळू मंडळात जाणंही सोडलं. दुपारी टीव्हीसमोर बसायची आणि आवाज अगदी कमी ठेवायची. आवाज मोठा केला तर आपण बहिऱ्या झालो हे सिद्ध होईल, अशी धास्ती असावी. मी विचारलं नाही.

यंदा एका सकाळी फिरायला निघताना मुलीचे इयरफोन कानात घातले आणि फोनमध्ये काय आहे ते बघता बघता मुलीने कधीतरी त्यात भरलेली तीच भजनं लागली. टाळ ऐकू आले. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक ठोका वेगळा. फिरणं तसंच टाकून मी घरी आलो आणि तेच भजन स्पीकरवर लावलं. टाळ नाहीत. एका ट्वीटरला कान लावला तर तो मुका. दुसऱ्यातून नुसती खरखर.

आईला काही न सांगता दोन्ही ट्वीटर स्क्रू काढून सोडवले आणि स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले. जवळच्या पाटन गावाहून रोज येणारा माणूस, बोलणं कमी. त्याने ट्वीटरच्या मधला तो रेशमी कापडाचा फुगवटा उजेडात धरला, नखाने खरवडला, आणि लालपिवळी खपली काउंटरवर पडली.

"मास्साब, इसको टीका कौन लगाता है?"

मीच लावत होतो. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या एकूण एक यंत्राची पूजा होते. स्कूटर, मिक्सर, शिवणाचं मशीन, आणि अर्थात मास्तरांचे स्पीकर. कुंकू लावायचं तर कपाळाला, आणि त्या पेटीवर कपाळासारखं दिसणारं ठिकाण एकच होतं. ओलं गंध, त्यावर कुंकू, वर अक्षता, आणि ते नीट चिकटावं म्हणून थोडा दाब. पंचवीसेक दसरे, त्याच जागी. कांद्याच्या सालीपेक्षा पातळ कापड, ते या लेपाने खापरासारखं टणक झालं होतं. मधे एक खळगा होता. मी माझी अनामिका त्यात ठेवून पाहिली. बरोबर बसली.

दोन्ही वयानेच गेले असं त्याने म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. त्याने मीटर लावून पाहिलं. मुक्या ट्वीटरची आतली केसाएवढी तार तुटली होती. दुसऱ्याची तार शाबूत होती. "एक उमर से गया, एक पूजा से," तो म्हणाला.

तसे ट्वीटर आता मिळत नाहीत. पण भंगारात आलेल्या कुठल्याशा होम थिएटरमधून काढलेली एक जोडी त्याच्याकडे होती, मागे तोच आठ ओहमचा आकडा. घरातल्या सगळ्यांच्या पोहे-जिलबीइतक्या पैशात त्याने ती दिली. पेटीतला जुना छोटा कपॅसिटर मात्र तपासून आहे तिथेच राहू द्या, म्हणाला. खालचे जाड आवाज तो बाहेरच अडवतो, तो नसेल तर ही बारीक तार जळते. मी फळ्यावर शेकडो कपॅसिटर काढले असतील. त्यातला एखादा असा दारात पहाऱ्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मी विचारत सुटलो. कापडाचा फुगवटा का, पत्र्याचा का नाही? लाल खुणेची तार उलटी लागली तर काय होतं? त्याने चहा मागवला आणि एकेक दाखवत गेला. दोन तास मी त्याचा विद्यार्थी होतो आणि मला मजा येत होती, हे लपवत नाही.

नवे ट्वीटर भोकापेक्षा लहान निघाले. मी परीक्षेचा जुना पॅड कापून दोन कड्या केल्या, खाली स्पंजची पट्टी लावली, लाल खुणेला लाल तार जोडली आणि स्क्रू आवळले. सगळं तयार झालं आणि बटण दाबायला हात होईना. आईला टाळ ऐकू आले नाहीत तर तिचे कान खरंच गेलेले. ऐकू आले तर दोन वर्षं तिला मी घरात बसवलं. यातलं काय व्हावं हे मला ठाऊक होतं, तरी भीती दोन्हींची वाटत होती.

ती मेथी निवडत होती. मी न सांगता भजन लावलं. तिचा हात थांबला. डोकं वर न करता ती तशीच बसून राहिली, एक कडवं, दुसरं कडवं.

"इथं मी एक ठोका गाळला होता," ती म्हणाली. "तो पण कळून राहिला."

मग मी सगळं सांगितलं, इयरफोनपासून कुंकवापर्यंत. तिने रागवावं म्हणून थांबलोही. ती नुसतं "अच्छा" म्हणाली आणि मेथीकडे वळली. मला इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

गुरुवारी ती मंडळात गेली. परत आली तेव्हा मी दारातच होतो. टाळ परत मिळाले का, विचारलं. शेजारीणच वाजवते आता, म्हणाली. ती स्वतः मागच्या ओळीत बसून गायली होती. चपला काढून झाल्यावर म्हणाली, ती बाई अर्धा ठोका मागे राहते, सगळा वेळ.

"मग सांगितलंस का तिला?"

"काहून सांगू?" आई म्हणाली. "तू मला सांगितलं, तर मी सोडून दिले टाळ. तिनं पण सोडून दिले तर?"