प्रेना गाड्यांच्या दाराने उतरली

आमच्या श्कोदर गावात सायकलवरचा माणूस पायी चालणाराच धरतात. तो लोकांच्या गर्दीतूनच जातो, ओळखीचं कुणी दिसलं की एक पाय जमिनीला टेकवून जगभराच्या गप्पा मारतो, पाऊस आला की एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने चालवतो. प्रेना तर सायकलवरच म्हातारी झाली. तंबाखूच्या कारखान्यातली तिची शिफ्ट सुटायची तेव्हा आम्ही नाटकवाले तालमीला निघालेलो असायचो. निळ्या डगल्यात, केसांत तंबाखूचा वास घेऊन ती अशी काही मान ताठ करून जायची की राणीचं काम करणाऱ्या आमच्या बाई म्हणायच्या, ही मान मला एका प्रयोगापुरती उसनी द्या.

पुढे कारखाना बंद पडला, नवरा गेला आणि मग गुडघे गेले. सायकल दुरुस्त करणाऱ्या झेफने एका जर्मन प्रवाशाने विकलेली विजेवरची सायकल तिच्यासाठी राखून ठेवली. प्रेनाने आधी नाक मुरडलं. सायकलला मोटार म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, म्हणाली. पण किल्ल्याखालचा चढ गुडघ्याने हूं की चूं न करता पार केला, त्या दिवसापासून ती सायकल कुणाच्या हातात देईना.

तिची मुलगी वितोरे समुद्रापलीकडे इटलीत, बारी शहरात. नवरा अर्बेन, लहान मुलगा लिओन आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली नोकरी. दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी तेच, आई, आता कायमची ये, एकटी काय करतेस तिथे? प्रेना एकदा जाऊन आली होती. मुलीने कशाची उणीव ठेवली नव्हती, आणि तीच अडचण होती. बाजारात जावई गाडीने नेणार, चर्चला सगळे मिळून जाणार, उरलेला दिवस चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसायचं. "पार्सल आलं की कपाटावर ठेवतात ना झेफ, तशी होते बघ मी," ती परत आल्यावर म्हणाली होती.

या खेपेला तिने बोलीच केली. सायकल घेऊन येते. सायकलसकट जगता आलं तर राहीन, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत. वितोरेने डोक्याला हात लावला. इथली रहदारी तुला माहीत नाही आई, चिरडतील तुला. मग नाइलाजाने म्हणाली, बरं, आण. अर्बेन गाडीत घालून आणेल, तळघरात ठेवू, पुढचं पुढे बघू. तळघरात गेलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं ते प्रेनाला ठाऊक होतं.

संध्याकाळी दुर्रेस बंदरात, बारीच्या बोटीच्या धक्क्यावर ती हातात सायकल घेऊन उतारूंच्या रांगेत उभी राहिली. श्कोदरच्या माणसाने दुसरीकडे कुठे उभं राहायचं? रांग सरकली, तिचा नंबर आला, तेव्हा दारावरचा खलाशी म्हणाला, "मावशी, ही माणसांची रांग. सायकल गाड्यांमधून."

"मी काय गाडी आहे?"

"तुम्ही नाही. पण ही आहे. आणि हिला सोडून तर तुम्ही येणार नाही."

ते मात्र खरं होतं. तिला उलटं फिरावं लागलं. गाड्यांच्या रांगेत तिच्यापुढे ट्रक आणि मागेही ट्रक. मागच्यात कोप्लिकच्या डोंगरातल्या औषधी पाल्याची पोती होती, त्यांचा वास धक्काभर पसरलेला. त्याचा ड्रायव्हर मुहर्रेम खिडकीतून वाकून म्हणाला, घाबरू नका, तुमच्या मागे मी आहे, म्हणजे दुसरं कुणी अंगावर येणार नाही. प्रेना म्हणाली, मला भीती तुझीच आहे. बोटीचं मागचं तोंड उघडलं आणि लोखंडी चढावर, दोन ट्रकांच्या मधून, प्रेना बोटीच्या पोटात शिरली. मोटार हलकेच गुणगुणत होती. एवढी भव्य एन्ट्री आमच्या रंगमंचावर कुणाला मिळाली नाही.

आत एकाने सायकल कठड्याला दोरीने बांधली. इथे कुणी थांबायचं नाही, चार्जिंगही करायचं नाही, म्हणाला. बॅटरी इथे ठेवायला प्रेनाचं मन धजेना. तिने किल्ली फिरवून ती काढली, शालीत गुंडाळली आणि वर बसायच्या जागेत मांडीवर घेतली. मुहर्रेमने विचारलं, मावशी, बाळ झोपलं का? ती म्हणाली, झोपलंय, तू तोंड उघडून उठवू नकोस. त्याने तिला आपल्यातली पालकाची पोळी दिली आणि रात्र गेली.

सकाळी बारीला सायकल सोडवून, बॅटरी बसवून ती ट्रकांबरोबर खाली उतरली. पासपोर्टही गाड्यांच्या खिडकीवरच पाहिला गेला. मुहर्रेमने भोंगा वाजवून निरोप घेतला. आणि बाहेर कुणीच नव्हतं.

पायी उतारूंचं दार कुंपणापलीकडे पार दुसऱ्या टोकाला होतं. वितोरे तिथे उभी होती, कारण आईने तिकीट काढलं तेव्हा पायीच येते म्हणून सांगितलं होतं. प्रेनाला यातलं काही कळायला मार्ग नव्हता. तिचा फोन समुद्र ओलांडताच मुका झाला होता. बंदरावरच्या एका तरुण पोलिसाने तिला पाहिलं. इटालियन तिला टीव्हीने शिकवली होती, आम्हा सगळ्यांनाच तशी येते. तिने नंबर दिला, पोलिसाने वितोरेला फोन लावला. लागेना, कारण ती एकसारखी आईच्या फोनवर लावत होती. मग त्याने सावलीत खुर्ची आणून ठेवली. "बसा सिन्योरा. येतील ते. इथून हलू नका."

खुर्ची चांगली होती. पाठीला आधार होता, वाराही येत होता. प्रेना बसली आणि बसल्यावर तिला कळलं की ही तीच चौथ्या मजल्याची खिडकी आहे. आता वितोरे येईल, रडेल, अर्बेन सायकल उचलून गाडीत घालेल. वाईट कुणीच वागणार नाही. सगळे मायेनेच करतील.

ती उठली. गुडघा दुखत होता आणि भीतीही वाटत होती, ते ती नंतर स्वतःच सांगायची. पोलिसाला म्हणाली, "फोन लावत राहा बाळ. लागला की सांग, आई तुमच्या घराच्या दाराशी भेटते."

"सिन्योरा, हरवाल तुम्ही."

"हरवले तर विचारीन. तोंड आहे मला."

समुद्राच्या कडेचा रस्ता सोपा गेला. बारीचा किल्ला मागे पडला, मग सरळ रुंद रस्ता, मग रेल्वेच्या रुळांखालचा बोगदा. तिथे मात्र मागून बस आली, भोंगा असा वाजला की तिने करकचून ब्रेक दाबला. ती उतरली, भिंतीला चिकटून चालत सुटली, आणि एकदा परत फिरावं असंही मनात आलं. बोगद्याच्या तोंडाशी चढ होता. तिने पाय टाकला, मोटारीने उरलेलं केलं. पलीकडे पावाच्या दुकानातल्या बाईने पुढची वाट सांगितली. शेवटची गल्ली ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती तिने फक्त वरून पाहिली होती. औषधांच्या दुकानाचं छप्पर तिला पाठ होतं, पण दार कसं आहे ते माहीत नव्हतं.

ती पायरीवर बसली होती तेव्हा गाडी येऊन थांबली. वितोरे धावत उतरली. डोळे लाल झालेले.

"आई, तुला अक्कल आहे का? पोलीस म्हणतो, गेली. कुठे गेली, तर म्हणे सायकलवर गेली. बोगद्यातून आलीस? त्या बोगद्यातून मी नाही जात!"

"तेवढा बोगदा मीपण चालतच आले."

"आणि काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर झालं असतं गं. पण बसून राहिले असते तर नक्कीच झालं असतं."

अर्बेनने सायकल धरायला हात पुढे केला. प्रेनाने सोडली नाही, आणि त्यानेही ओढली नाही. वितोरे आईकडे पाहत होती. वाऱ्याने केस विस्कटलेले, गाल लाल आणि मान ताठ. कारखान्याच्या फाटकातून निघताना असायची तशी. गेल्या खेपेला तीन आठवड्यांत ही बाई तिला घरात एकदाही दिसली नव्हती.

मग वितोरेने नाक पुसलं आणि वेगळ्याच सुरात विचारलं, "लिओनची बालवाडी दीडला सुटते. मला रोज काम अर्धवट टाकून पळावं लागतं, कामावरची मुख्य बाई रोज बोलते. बोगद्याच्या अलीकडेच आहे, मधे एकच मोठा चौक. तुला जमेल?"

"चौकात सिग्नलचा दिवा आहे?"

"आहे."

"मग विचारतेस काय? वाट सांग."

वितोरे गल्लीच्या मधोमध उभी राहून हातवारे करत सांगू लागली. आधी औषधांच्या दुकानावरून डावीकडे, मग पिवळी इमारत लागेल, तिथे वळायचं नाही, पुढे कारंजं. प्रेनाने तिला मधेच थांबवून पिवळी कोणती ते दोनदा विचारलं. अर्बेनने बॅग उचलली आणि एकटाच वर गेला, कारण त्या दोघींचं लवकर आटपायचं चिन्ह नव्हतं.