मोहाखालची जमीन

मावशी गेल्याची बातमी तुमसरकडून येणाऱ्या कारखान्याच्या बसनं आली. मावशीच्या गावचा एक ओळखीचा माणूस ड्युटीवर जाण्याआधी जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरशी थांबला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बाई, गिरजाबाई गेल्या पहाटे." त्याला आत या म्हणायचंही मला सुचलं नाही. माघ सरत आला होता...

आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं सिहोऱ्याच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला असलेलं मावशीचं घरच माझं माहेर. तळ्याखाली थोडी धानाची शेती होती, पण उन्हाळ्यात घर चालायचं ते जंगलावर. मोहफुलं, तेंदूपत्ता आणि पुढं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली होती. कागदोपत्री ती सरकारची. पण गावाच्या लेखी 'गिरजाचा मोहा' म्हणजे गिरजाचाच. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली सुका पाला असला तर ती दिसत नाहीत, म्हणून आधी पाला जाळायचा, म्हणजे काळ्या जमिनीवर फुलं उठून दिसतात. सगळेच जाळायचे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं.

मी लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला गेले होते, त्या चैत्रात वारा सुटला. मावशीनं लावलेली आग झाडाखालून सरकली आणि टेकडीच्या उतारावर चढली. गावातली माणसं ओल्या फांद्यांनी झोडपत होती. आग विझेपर्यंत अर्धा उतार काळा झाला होता. दुसऱ्या दिवशी जंगलाचे साहेब आले. आग कोणी लावली ते कळेपर्यंत कोणी जंगलात पाऊल टाकायचं नाही, असं बजावून गेले. ऐन हंगामात मोहा गळत होता आणि गाव घरी बसलं होतं.

मग पारावर बैठक झाली. पुरुष खालच्या आवाजात बोलत होते, बाया मागं उभ्या. गावाबाहेरच्या टोल्यावर, लहानशा वस्तीत, बकऱ्या चारणारा एक गोंड म्हातारा होता, त्याचं नाव सांगून मोकळं व्हावं असं ठरत आलं. तो बिडी ओढतो, एवढाच पुरावा. त्याच्या बाजूनं बोलायला तिथं कोणी नव्हतं. मावशी माझ्या शेजारून पुढं गेली.

"त्याचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "आग माह्या झाडाखालून गेली. मी लावली होती."

मावसाजी उठून उभे राहिले. "तुले कोनी विचारलं होतं का? चूप बस!"

"विचारलं नाही म्हनून तं सांगून रायली."

जंगलखात्याचा नाकेदार तिला रेंज ऑफिसात घेऊन गेला. दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी परतली तेव्हा तिनं आधी पाणी मागितलं आणि मग चुलीपाशी बसून भाकरी थापायला घेतली. बंदी उठली, पण कोणी तिचे आभार मानले नाहीत. उलट बाया तिला पाहून वाट बदलायच्या. आपल्या झाडाखाली काय चालतं ते हिच्यामुळं साहेबाला कळलं, हा राग होता. मावसाजी तर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, सगळेच जाळतात ना? मग तूच काहून सांगितलं?"

ती धान पाखडत होती. थांबली नाही. "सारेच जाळतेत वो. पन त्या दिवशी मीच जाळलं होतं."

पुढच्या फाल्गुनात ती खराटा घेऊन जंगलात गेली. झाडाखालचा पाला ओढून दूर केला, जमीन स्वच्छ झाडली, मगच फुलं वेचली. दुप्पट काम. कंबर धरून घरी यायची. बाया हसायच्या, "गिरजाबाई जंगलाले आंगन समजून रायली!" मोहाच्या लाडवांसाठी तीळ भाजताना हे सांगून ती स्वतःही हसायची. कोणाला उपदेश करताना मी तिला कधी पाहिलं नाही. काही वर्षांनी शेजारणीची सून तिच्याबरोबर झाडायला जाऊ लागली, मग आणखी एकदोघी... बाकीच्या जाळतच राहिल्या.

शेवटच्या दिवाळीत तिला धाप लागत होती, तरी हट्टानं मला त्या जळालेल्या उतारावर घेऊन गेली. कडेनं तेंदू, पळस वर आले होते. मधला भाग अजून उघडाच. दगडावर बसून ती बराच वेळ तिकडं पाहत राहिली. "भरलं नाही अजून," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, भरेल.

आता चैत्रात मी तिच्या घरी जाऊन आले. सुतक फिटलं तरी न सावरलेलं घर, मावशीची सून तापानं पडलेली. यंदा मावशीचा मोहा वाया जाणार असं मी धरून चालले होते. सकाळी आवाज आला म्हणून बाहेर आले, तर गावातल्या बाया मावशीच्या झाडाखालून वेचलेल्या फुलांच्या टोपल्या एकेक करून अंगणात रिकाम्या करत होत्या. त्यात कधीकाळी वाट बदलणाऱ्याही होत्या. एकीनं फुलं हातानं पसरली, चिमटीत एक उचलून मला दाखवलं आणि म्हणाली, "पाह्य, राख नाही लागली एकालेही." अंगणभर मोहा वाळत होता, आणि त्याचा गोड, जड वास घरात शिरत होता...