नदीच्या पात्रात घेतलेली परीक्षा

नियम करणाऱ्या माणसाला बायको नसते, असं माझं ठाम मत होतं. असलीच, तर तो तिला काही विचारत नाही. हे मत पत्रकात छापायचंही ठरलं होतं, पण त्याआधी आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली.

प्रांतात साक्षरतेची मोहीम निघाली होती. मॅट्रिक होऊन मी देवपुरात घरी बसलो होतो. बसलो म्हणजे पत्रकं लिहीत होतो. हुंड्याविरुद्ध, विडीविरुद्ध, आमच्या गल्लीतल्या गटाराविरुद्ध. गटार तसंच राहिलं, वडील मात्र वैतागले. तालुक्याच्या समितीला शिकवायला माणसं हवी होती आणि वडिलांना मी घराबाहेर हवा होतो. अशा रीतीनं मी एरंडोलच्या पुढं एका खेड्यात प्रौढ बायकांचा वर्ग घ्यायला गेलो. नदीच्या अलीकडच्या काठावर हे गाव आणि पलीकडच्या काठावर दुसरं. दोन्हीकडे माझाच वर्ग. सकाळी इकडे, दुपारी तिकडे.

पाट्या आल्या, पेन्सिली आल्या, वाचायची पुस्तकं काही आली नाहीत. समिती म्हणाली, येतील. मी वाट बघणाऱ्यातला नव्हे. माझ्या ट्रंकेत माझ्याच एका पत्रकाचा गठ्ठा होता: ‘आखाजीचा ओंगळ प्रकार ताबडतोब बंद करा!’ त्या सणाला दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. कधी गोटेही फेकतात. पुरुष त्या वेळी पत्ते कुटत असतात, त्यामुळे सुधारणेचा भार साहजिकच माझ्यावर पडला होता. पत्रकात मी नमुन्यादाखल शिव्या दिल्या होत्या, पण सभ्यपणे, मध्ये टिंबं घालून. टाईप ठसठशीत होता. तेच पत्रक मी वाचायला दिलं.

आजवर माझं कुठलंही पत्रक कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. बायका टिंबांपाशी थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि गाळलेली अक्षरं पाटीवर भरायच्या. जोडाक्षरं त्यांना तिथंच आली. एकीनं तर मला दुरुस्तीही सांगितली, “भाऊ, आठे चुकीनं छापेल शे. ही शिवी आमनी नही, पलीकडनी शे.”

अलीकडच्या वर्गात एक अक्का होती. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून कधीची माहेरी भावाकडे येऊन राहिलेली. भावजय भाकरी वाढायची, पण तोंड फिरवून. जळगावच्या एका इस्पितळात सुईणीचं शिक्षण देतात, राहायला खोली देतात, हे अक्कानं कुठूनसं ऐकलं होतं. तिथं साक्षरतेचं प्रमाणपत्र लागे आणि वयाची अट होती. पुढच्या साली ती अटीत बसणार नव्हती. बाकीच्या बायका शिकायला येत. अक्का सुटायला येत होती.

प्रमाणपत्राला तीन अटी होत्या. छापील मजकूर मोठ्यानं वाचायचा. स्वहस्ते पत्र लिहायचं. आणि तिसरी अशी की, परीक्षा ज्या गावचा वर्ग त्याच गावी व्हावी आणि पटावरच्या निम्म्या बायका तरी हजर असाव्यात, नाहीतर परीक्षाच घेऊ नये. मग समितीचा कागद आला. परीक्षेचा दिवस आखाजी. कारण दिलं होतं: ‘सणामुळे स्त्रिया शेतकामातून मोकळ्या असतात.’

मला हे कारण फार पटलं. अक्काला वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला.

“भाऊ, त्या दिनले बठ्ठ्या माहेरले जातीन.”

“एक दिवस थांबा म्हणावं.”

“आखाजीले? तुमनं लगीन व्हयेल नही, हाई दिसस बरं.”

झालं तसंच. आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या सुना पलीकडच्या गावच्या लेकी होत्या आणि पलीकडच्या वर्गातल्या सुना आमच्या गावच्या. भाऊ गाड्या जुंपून आले आणि माझे दोन्ही वर्ग नदी ओलांडून एकमेकांच्या जागी गेले. माहेरी मिरवायला म्हणून जाताना प्रत्येकीनं पाटी मात्र बरोबर नेली.

परीक्षक आले ते देवपुरातलेच निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. नियमाला असे पक्के, की शिंक आली तरी आधी घड्याळ बघतील. अलीकडच्या शाळेत बायका मावत नव्हत्या. गुरुजी खूश झाले. पट उघडून नावं पुकारू लागले. एकही हजर नाही. शेवटी एकटी अक्का “हजर” म्हणाली.

“या मग कोण आहेत?” गुरुजींनी मला विचारलं.

“पलीकडच्या वर्गाच्या आहेत.”

“आणि या वर्गाच्या?”

“त्या पलीकडे आहेत.”

“मग अदलाबदल करा. नदीला पाणी नाही.”

बायका एकदम हसल्या. एक म्हातारी दारातून ओरडली, “बाबा, आखाजीले सासरना उंबरा कोन चढी? तू चढस का?”

गुरुजींनी पट मिटला. “नियमाप्रमाणे वर्ग गैरहजर. परीक्षा होणार नाही.”

मी पेटलो. म्हणालो, हा अन्याय आहे, बाईला एकच गाव असतं हे तुमच्या समितीला सांगितलं कुणी, मी याविरुद्ध पत्रक काढीन. गुरुजी म्हणाले, “जरूर काढ. मागच्या वेळी गटारावरचं वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे.”

अक्का पाटी पदराखाली घेऊन उभी होती. तिची तेवढी एकटीची परीक्षा घ्या, म्हणून मी विनवलं. गुरुजींनी नकाराची मान हलवली. एक म्हणजे निम्म्या नव्हेत.

“मास्तर,” अक्का म्हणाली, “पयले जेवी ल्या.”

तिनं त्यांना खापरावरची पुरणपोळी वाढली, वर आंब्याचा रस, पुन्हा पोळी, पुन्हा रस. गुरुजींनी कमरेचा पट्टा सैल केला तेव्हा अक्कानं अगदी सहज विचारलं, दोन्ही गावांची शीव कुठं आहे, ठाऊक आहे का? ठाऊक नव्हतं. शीव नदीच्या पात्रात होती, मधोमध, एका काळ्या खडकावर.

“तठे बसनात, तं दोन्ही गावमा बसनात.”

गुरुजींनी बराच विचार केला. नियमात याविरुद्ध काही सापडेना. रसानं त्यांना जरा मऊही केलं असावं.

उन्हं कलल्यावर आम्ही खडकावर सतरंजी टाकली. दोन्ही काठांवर बायका जमल्याच होत्या. परीक्षेसाठी नव्हे, शिव्यांसाठी.  गुरुजींनी पट उघडला आणि आमच्या गावचं पहिलं नाव पुकारलं. पलीकडच्या काठावरून खणखणीत आवाज आला, “हजर!” दुसरं नाव, “हजर!” मग दुसऱ्या गावचा पट, आणि “हजर” अलीकडून. दोन्ही पट निम्म्याच्या कितीतरी वर भरले. नदीत लागली तेवढी हजेरी कधी शाळेतही लागली नव्हती.

“आता पत्र,” गुरुजी म्हणाले. “मजकूर?”

“जिला वाटेल तिनं, वाटेल त्याला,” मी म्हणालो. मला वाटलं, भावाला लिहितील, आईला लिहितील.

त्यांनी समोरच्या काठाला लिहिलं.

पाट्या अक्कानं गोळा केल्या, अनवाणी, तापल्या वाळूतून. गुरुजींनी पहिली पाटी वाचली आणि चष्मा काढला. दुसरी वाचली आणि घाम पुसला. “हे मोठ्यानं वाचून कसं घ्यायचं?” त्यांनी हळूच विचारलं.

“जिले लिखेल शे ती वाची,” असं म्हणून अक्कानं अलीकडच्या पाट्या पलीकडे नेऊन दिल्या आणि पलीकडच्या अलीकडे.

मी अनेक सभा पाहिल्या आहेत. असं वाचन पाहिलेलं नाही. आपल्याला काय म्हटलंय ते प्रत्येकीला कळायलाच हवं होतं, त्यामुळे कुणी अडखळलं तर शेजारणी पुढं होऊन वाचत. वाचून झालं की आधी किंकाळी, मग उत्तर. टिंबं कुणीच घातली नव्हती. गुरुजी मान खाली घालून दोन्ही पटांवर ‘उत्तीर्ण’, ‘उत्तीर्ण’ लिहीत होते. पलीकडून पहिला गोटा आला, तेव्हा त्यांनी पट डोक्यावर धरला आणि म्हणाले, “चला.”

“अक्का राहिली!” मी ओरडलो.

गोटे चुकवत आम्ही खडकाआड बसलो. गुरुजींनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून दिला. अक्कानं धडाधड वाचला. मग पाटी घेतली. मधोमध बसलेल्या तिला शिव्या घालायला समोरचा काठ नव्हता. जरा थांबून तिनं लिहिलं आणि पाटी गुरुजींच्या हातात ठेवली. मी खांद्यावरून वाचलं: ‘परीक्षानी तारीख धरनारानी बायको माहेरले जात नही का?’

मी मनात म्हटलं, गेलं प्रमाणपत्र.

गुरुजींनी पाटी वाचली. “जाते,” ते म्हणाले. “दर आखाजीला. परवाच गेली. घरात चूल थंड. म्हणून तर ही तारीख मी धरली. खेड्यात सणाचं जेवण मिळतं.”

अक्का हसली नाही. ती त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती. गुरुजींनी तिच्या नावापुढं ‘उत्तीर्ण’ लिहिलं, पाटी स्वतःच्या उपरण्यानं स्वच्छ पुसली, आणि मला म्हणाले, “पत्रक असं लिहायचं असतं. एका ओळीत.”

ज्येष्ठात अक्का जळगावला गेली. मोटारीत चढताना तिनं माझ्याकडून माझ्या पत्रकाची एक प्रत मागून घेतली. मला अभिमान वाटला.

“इस्पितळमा कळा देताना बाया वरडतीन,” ती म्हणाली. “त्यास्ले शिव्या वाचाले.”