गोळी विरघळेपर्यंत

आमचे हे न्हावी. चाळीस वर्षं लोकांच्या गालावर वस्तरा आणि कानाशी तोंड, दोन्ही एकदम चालवलंय. झोपेतसुद्धा बोलतात. मी आपली मध्येच 'हं' म्हणते आणि कूस बदलते.

अशा माणसाच्या गळ्यात डॉक्टरीणबाईंनी काय काम मारावं? आमचा मुलगा, बत्तीस वर्षांचा घोडा, पाठदुखीच्या गोळ्यांवरून घसरत घसरत पार नशेपर्यंत पोचला होता. आता उपचाराची गोळी रोज सकाळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळेपर्यंत पंधरा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, आणि घरच्या कुणीतरी समोर बसायचं. "गोळी सोडून तो जुन्या नशेकडे वळला, तर शरीराला आता ते झेपणार नाही," बाई म्हणाल्या. "जिवावर बेतेल." मी तेवढंच ऐकलं. ह्यांनी मात्र 'बोलायचं नाही' एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या खुर्चीत पोरगा, गळ्याला कापड, जिभेखाली गोळी, आणि ह्यांचा पट्टा सुरू. पाच वर्षांचं साठलेलं. पोराला उलटून बोलता येत नाही म्हटल्यावर ह्यांना कोण आनंद!

आठवड्यात गल्लीभर झालं. सायकलवाला आला. त्याचा पंप पोराने विकून खाल्ला होता. "मी पण जरा बोलू का?" मग पंखा गेलेले मास्तर आले, छत्री गेलेली शिंपीण आली. ह्यांनी दाढीला देतात तसे नंबर द्यायला सुरुवात केली. माणशी दोन मिनिटं. ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही येऊ लागले. एकाचा मुलगा परदेशातून फोन करत नाही, म्हणून त्याने आमच्या पोराला झापलं. एक बाई येऊन आपल्या वारलेल्या नवऱ्याला ऐकवून गेली आणि जाताना पोराला म्हणाली, "बरं वाटलं हो." मी ह्यांना म्हटलं, हा काय तमाशा मांडलाय? म्हणे, "लोकांची मनं मोकळी होतायत." अंगाची नुसती लाही झाली माझ्या.

विसाव्या दिवशी नऊ वाजले तरी खुर्ची रिकामी. बाकावर पाच नंबरवाले खोळंबलेले. मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि मी चपला न घालताच धावले. मागून हे, ॲप्रनमध्ये. त्यांच्या मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, कारण वस्तरा ह्यांच्याच हातात.

पोरगा बसथांब्यावर बसला होता. पलीकडच्या कोपऱ्यावर त्याचा जुना माल देणारा उभा असतो, मला ठाऊक होतं. पोरगा घामाने निथळत होता.

"अजून गेलो नाहीये तिकडे," तो म्हणाला. "गोळी घेतो, आई. पण त्या खुर्चीत नाही."

ह्यांनी खिशातून गोळी काढून दिली. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. पंधरा मिनिटं. दोन बस गेल्या. गिऱ्हाईक "माझी दुसरी बाजू..." म्हणायला लागलं, तर ह्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या कपाळाची शीर टरारून फुगलेली. मला वाटलं, आता ह्यांनाच दवाखान्यात न्यावं लागतंय.

गोळी विरघळली. पोराने जीभ उचलून दाखवली.

"आता पंधरा मिनिटं तुझी," हे म्हणाले. "मी बोलणार नाही. काय सुनवायचं ते सुनव."

मला वाटलं, आता सगळं बाहेर पडणार. पोरगा वस्तऱ्याकडे बघत राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "पाठ पहिल्यांदा धरली ना बाबा, तेव्हा तुम्ही म्हणालात, कामचुकार सोंग करतोय. म्हणून मी गोळ्या लपून घ्यायला लागलो. एवढंच आहे."

चौदा मिनिटं उरली होती. ती संपेपर्यंत हे गप्प उभे राहिले. नंतर मला हळूच विचारलं, "मी असं म्हणालो होतो?"

"हो," मी म्हटलं. "आणि मी 'हं' म्हणाले होते."