घरटी एक माणूस

मी रनाळ्याचा, सपाटीवरचा माणूस. नोकरी मात्र तळोद्याच्या वर, सातपुड्यातल्या आश्रमशाळेत. त्या सकाळी दहावीच्या फळ्यावर मी पाच देशांचे स्तंभ काढत होतो. प्रत्येकाचे दोन: एक दरडोई उत्पन्नाचा, दुसरा माणशी आरोग्यखर्चाचा. आपल्या देशाचा दुसरा स्तंभ एवढा बुटका की खडू नुसता आडवा टेकवला आणि झाला. मुलं हसली. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

तेवढ्यात शेजारीण धावत आली. माझ्या बायकोला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या आणि अंगावरून रक्त जात होतं.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी निघाली म्हणाले. पाड्याचा म्हातारा कारभारी दारात येऊन म्हणाला, "सर, गाडी नाल्यापलीकडंच थांबणार. झोळी बांधू."

मी नको म्हटलं. शिकलेला ना मी! गाडी येतेय तर बाईला बांबूला टांगून कशाला न्यायचं? खरं सांगायचं तर मला त्या झोळीचंच भय वाटलं. आमच्याकडे माणूस लोकांच्या खांद्यावरून एकदाच जातो.

तास गेला. तिचे ओठ पांढरे पडले. "आहो, मन्हा जीव घाबरी ऱ्हायना," ती म्हणाली, "आते थांबू नका."

कारभाऱ्यानं हाळी दिली. घरटी एक माणूस, हा त्यांचा रिवाज. आजारी कोण, हे कुणी विचारत नाही. बांबूला घोंगडी बांधली. एक पुढे, एक मागे, दमले की पुढच्या दोन घरचे दोघं. मी मागून धावत तिला हाका मारत होतो. ओ आली नाही की आणखी मोठ्यानं ओरडायचो. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. गाडी पलीकडे केव्हाची उभी होती.

बायको वाचली. मुलगी वाचली नाही. गाडीची वाट बघण्यात गेलेला तो तास माझा होता.

आता हाळी आली की आमच्या घरातून मी जातो. बांबू खांद्यावर घेतला की झोळीतून कण्हण्याचा आवाज येईपर्यंत मला श्वास सोडवत नाही.

तो धडा दरवर्षी येतो. बुटका स्तंभ काढला की मुलं हसतात. माझे कान बाहेर असतात.