बोळ्यावरचा आळ

मावशींनी छत्तीस वर्षं इस्पितळातल्या फरश्या पुसल्या. नर्स बदलल्या, डॉक्टर बदलले, मावशींचा तोरा तसाच राहिला. ओल्या फरशीवर कुणी पाय टाकला, मग ते मोठे डॉक्टर का असेनात, की मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि समोरचा मुकाट मागे सरकायचा. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्या त्याच दिवशी त्यांनी कॉटखाली बोट फिरवून बघितलं आणि लेकीकडे असा कटाक्ष टाकला, की ती बिचारी झाडू आणायला पळाली.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सातला यायची. आई दिवसभर भिंतींकडे बघत बसते, म्हणून तिनं मैत्रिणीकडून दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणलं. टोपलीतलं ते मळकट, चुरगळलेलं ध्यान बघून मावशींनी नाक मुरडलं.

"हे काय, फरशी पुसायचा बोळा आणलास?"

झालं, नावच पडलं. आणि बोळ्यानं टोपलीतून उतरल्या उतरल्या दारातच कार्यक्रम उरकला. मावशी चिडतील असं लेकीला वाटलं होतं, पण त्यांनी पदर खोचला. किती तरी महिन्यांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. बोळा झोपून उठला की बाहेर, त्यानं खाल्लं की बाहेर, खेळून दमला की बाहेर. मागच्या दारानं अंगणात, कुंपणाजवळच्या एकाच कोपऱ्यात. तिथं "कर बाळा, कर" म्हणत उभं राहायचं आणि केलं की तिथल्या तिथं बिस्किटाचा तुकडा. घरात झालंच, तरी ओरडायचं नाही. त्याला कशाबद्दल ते कळत नाही, नुसती भीती बसते, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. फिनेलही त्यांनी बंद करायला लावलं, कारण पिल्लाच्या नाकाला त्याखालचा लघवीचा वास येतोच आणि ते परत तिथंच करतं म्हणे. फिनेल सोडणं मावशींच्या फार जिवावर आलं, पण बोळ्यासाठी त्यांनी व्हिनेगरचं पाणी जवळ केलं. तो टोपलीत कुईकुई करायचा, तर आपला जुना एप्रन त्याच्याखाली अंथरला. आठव्या दिवशी बोळा आपणहून मागच्या दाराशी गेला, दार खरवडलं आणि मागे वळून बघितलं. मावशींनी अर्धा पुडा संपवला त्याच्यावर. संध्याकाळी लेकीला सांगताना तर असा थाट, की जणू नातू वर्गात पहिला आलाय.

त्यानंतर महिनाभरानं बाहेरच्या खोलीत, मावशींच्या खुर्चीपाशी थारोळं साचलं.

ते मावशींचं होतं. उठेपर्यंत झालंसुद्धा. फडकं आणायला वळल्या, तोच लेक दारात.

"अगं बाई! बोळ्या, परत?"

मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी केलं ते एवढंच. पण आठवड्यात तीनदा असं झालं, आणि तिसऱ्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, "मेल्याला कितीदा शिकवायचं!"

का म्हणाल्या, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. वॉर्डात एखाद्या बाईनं पलंग ओला केला की मावशीच ओरडायच्या, "सात नंबर परत ओली!" सात नंबरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या दिवसापासून त्या बाईला कुणी काही विचारायचं नाही. चहा हवा का, हेसुद्धा तिच्या मुलीला विचारायचे. मावशींना आपल्या घरात सात नंबर व्हायचं नव्हतं.

लेक ओरडली की बोळा कान पाडून मागच्या दाराशी धावायचा. दार उघडलं की कोपऱ्यात जाऊन, लागलेली नसतानाही, कसेबसे दोन थेंब काढायचा आणि मावशींकडे बघायचा. शिकवलेलं सगळं करूनही बोलणी का बसतात, ते त्याला उमजत नव्हतं. मावशींना उमजत होतं. त्यांना स्वतःची किळस यायची, आणि तरी तोंड उघडायचं नाही.

बुधवारी लेक जेवता जेवता म्हणाली, "आई, मी दमते गं. दिवसभर उभी राहून येते आणि घरात ही घाण. त्यात तुझा पाय घसरला तर? मैत्रिणीचा भाऊ न्यायला तयार आहे त्याला. रविवारी येईल."

"लहान आहे तो. शिकेल."

"कधी? काही कुत्री नाहीच शिकत."

बोळ्याला वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि हातात चार दिवस होते. गुरुवारी शब्द ओठांवर आले आणि लेकीचा फोन वाजला. शुक्रवारी फोन वाजला नाही, तरी मावशी बोलल्या नाहीत. शनिवारी त्यांनी भांडी घासताना ते वाक्य चार वेळा म्हणून बघितलं. संध्याकाळी "ऐक ना," एवढं म्हणाल्यादेखील.

"आई, आता उगाच जीव गुंतवू नकोस," लेक म्हणाली, आणि मावशींना सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं त्या कधी विसरल्या नाहीत.

रविवारी मैत्रिणीचा भाऊ खोकं घेऊन आला. मावशी बोळ्याला शेवटचं कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यानं शहाण्यासारखं केलं, बिस्कीट खाल्लं आणि आपणहून खोक्यात जाऊन बसला.

सोमवारी संध्याकाळी लेक आली तेव्हा खुर्चीपाशी थारोळं होतं. तास होऊन गेला होता, मावशींनी पुसलं नव्हतं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या ओल्या फरशीकडे बघत नुसत्या बसून होत्या. लेकीनं सवयीनं टोपलीकडे बघितलं. मग आईकडे बघितलं आणि पर्स हातातच धरून ती उभी राहिली.

"तो आठव्या दिवशीच शिकला होता," मावशी म्हणाल्या.

लेकीनं पर्स खाली ठेवली. मग शेजारी गुडघ्यांवर बसली. "मला सांगायचंस ना गं. परत आणू आपण त्याला. आत्ता फोन करते."

"सकाळी मीच केला. त्यानं कालच एका ट्रकवाल्याला देऊन टाकला. कोण, कुठला, काही ठाऊक नाही त्याला. मी त्याच्यावर ढकललं, आणि तो गप दाराशी जाऊन बसायचा गं. त्याला वाटायचं, त्याचंच चुकलं."