बद्धकोष्ठाचे जुलाब

वर्तकनगरची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत आम्ही चौघं, म्हणजे सासू-सासरे, नवरा आणि मी, डोंबिवलीत भाड्याने राहायला आलो. तिथे काही महिन्यांतच सासऱ्यांना जुलाब सुरू झाले. मला हे कळलं ते आडून आडून. आमच्याकडे पोटाची चौकशी रोज होते, पण सुनेसमोर नाही. मी खोलीत आले की सासू-सासरे एकदम पाणीकपातीवर बोलायला लागत. इतकी पाणीकपात कुठल्याच शहरात होत नसेल.

सासूबाईंनी आपला घरगुती दवाखाना उघडला. जायफळ उगाळून झालं, मुरुडशेंग झाली. भाज्या बंद, पोळी बंद, नुसता मऊ भात आणि ताक. नवऱ्याने केमिस्टकडून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की एखाद-दोन दिवस शांतता, मग पोट फुगायचं आणि पुन्हा पाण्यासारखं सुरू. सासऱ्यांची भूक मेली. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

एकदा जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "दादाचंही असंच सुरू झालं होतं." त्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. जेवणं तशीच उरकली. त्यानंतर घरात त्या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही आणि कुणाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नवरा तर सगळ्यांवर खेकसायला लागला. घाबरला की तो तसाच वागतो.

मला या कुजबुजीचा वैताग आला आणि मी पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. नवऱ्याला ऐन वेळी पुण्याला जावं लागलं, सासूबाईंना दवाखान्याचे जिने चढवत नव्हते. राहिले मी. रिक्षात सासरे पूर्ण वेळ बाहेर बघत बसले. मुलगा परत येईपर्यंत थांबू, असं त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही.

डॉक्टर बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. काय त्रास होतोय, असं त्यांनी विचारल्यावर सासरे म्हणाले, "विशेष काही नाही. जरा पोट." डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर म्हणजे काय, मध्ये एक पडदा. बाकावर बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि उठून लांब जावं असं मला अजिबात वाटलं नाही.

त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. कधीपासून? किती वेळा? रात्री झोपेतून उठावं लागतं का? रक्त पडतं का, शेम पडते का, ताप येतो का? घरात आणखी कुणाला होतंय का? नकळत कपड्यांत होतं का? या प्रश्नावर सासरे अगदी हळू आवाजात "कधी कधी" म्हणाले. औषधं कोणती चालू आहेत? पाठदुखीच्या गोळ्या निघाल्या, कॅल्शियम निघालं. पाणी किती पिता? फारसं नाही.

मग त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता हातमोजा घालून बोटाने तपासावं लागेल."

"त्याची खरंच गरज आहे का?"

"आहे. नाहीतर मीही अंदाजाने औषध देईन. आतापर्यंत सगळ्यांनी तेच केलंय."

त्या गृहस्थाने आयुष्यात कधी बनियनवर दार उघडलेलं नाही. मला वाटलं, आता चपला घालून बाहेर येतील. पण नाही आले. भावाच्या आजाराची भीती लाजेपेक्षा मोठी असावी.

"काका, हे जुलाब नाहीत," डॉक्टर हात धुताना म्हणाल्या. "तुम्हाला बद्धकोष्ठ आहे. खाली मळाचा घट्ट गोळा अडकलाय आणि वरचं पातळ त्याच्या कडेने पाझरतंय. जुलाब थांबवायच्या गोळ्यांनी आणि नुसत्या भाताने तो आणखी घट्ट झाला. पाठीच्या गोळ्यांनीही हातभार लावला. हे आपण मोकळं करू. पण वजन उतरलंय आणि भावाला कॅन्सर होता, तेव्हा रक्त तपासू आणि नंतर दुर्बिणीने आतडंही बघू. बघितल्याशिवाय मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "हे पातळ सुरू व्हायच्या आधी कसं होतं?"

"होतच नव्हतं. म्हणजे, मी धरून ठेवायचो."

"का?"

"घर लहान आहे. संडासाचं दार हॉलमध्ये उघडतं. सूनबाई तिथेच लॅपटॉप लावून बसते, तिच्या मीटिंग चालू असतात. तिचं आटपेपर्यंत थांबतो. मग नंतर येत नाही."

मला आधी राग आला. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता आणि कारण काय, तर माझ्या मीटिंग! ते बाहेर आले तेव्हा मी फोनमध्ये डोकं घातलं होतं.

एनिमा, पावडरी, पाणी, पुन्हा पोळी-भाजी, पाठीच्या गोळ्या बदलणं, असं सगळं रीतसर झालं. दुर्बिणीत आतडं स्वच्छ निघालं. रिपोर्ट ऐकून नवरा जिन्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सासूबाईंनी जायफळाची डबी मागच्या फळीवर सरकवली.

मी माझं टेबल बेडरूममध्ये नेलं. हॉलमध्ये नेट नीट येत नाही, असं कारण सांगितलं. दोन-तीन दिवसांनी दुपारी सासरे दारात येऊन उभे राहिले. "अगं, इथे उजेड नाही. डोळे बिघडतील तुझे. बाहेर बस."

"बाबा," मी म्हटलं, "दवाखान्यात मला पडद्याआडून सगळं ऐकू आलं होतं. तुम्ही मला एकदा सांगायचं तरी!"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आपण इथे आलो त्या आठवड्यात मी फ्लश केला, तो तुझ्या मीटिंगमध्ये ऐकू गेला होता. पलीकडचे सगळे हसले. तुझा चेहरा पाहिला होता मी तेव्हा."

मला ते हसणं आठवतसुद्धा नव्हतं.